तानपुऱ्याला गवसणी घालू नका! (संगीत महोत्सवाच्या पडद्यामागे)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की गळ्यात बिल्ला अडकवून पळणारी ती पोरं महोत्सवात नेमकं करतात काय? फुकट गाणं ऐकायला जातात का? तर आधीच सांगतो, गाणं ऐकायला मिळत नाही. कानावर पडतं. तेही स्पीकरच्या मागच्या बाजूने, म्हणजे नुसता खर्ज.

कॉलेजात असताना पुण्यातल्या एका छोट्या, तीन संध्याकाळच्या महोत्सवात मी चार वर्षं हे काम केलं. सवाई गंधर्वएवढा पसारा नव्हता, पण कामाची जात तीच.

सगळ्यात आधी घड्याळ समजून घ्या. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सवाई सुरू केला, आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या मैफली रात्रभर रंगायच्या. एखाद्याला थोडा उशीर झाला तर पहाट थोडी पुढे जायची, इतकंच. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्या मैदानात रात्री १० नंतर स्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण आमच्यासारख्यांच्या वाट्याला ती कुठली यायला! म्हणजे संध्याकाळी सहाला वाया गेलेली दहा मिनिटं कुठेच भरून निघत नाहीत. ती शेवटच्या कलाकाराच्या खात्यातून जातात. आणि शेवटी गातात ते सगळ्यांत ज्येष्ठ.

म्हणून दोन कलाकारांमधली अदलाबदल हेच आमचं खरं काम. चहा, कोमट पाणी, चपला, शाली, ते सगळं होतंच हो. अडतं ते वाद्यांपाशी.

ग्रीनरूममध्ये झकास लागलेला तानपुरा स्टेजवर गेला की बिघडतो, कारण दिव्यांच्या उष्णतेने तार सैलावते आणि सूर उतरतो. तबल्याचं उलटं. त्याचं कातडं उष्णतेने ताणलं जातं, सूर चढतो. रात्री मैदानात दव पडायला लागलं की ते कातडं ओल धरतं आणि उतरतं, तर गार हवेत तारा चढतात. थोडक्यात, दोघांचं एकमेकांशी कधी पटतच नाही! त्यामुळे वाद्यं पंधरा-वीस मिनिटं आधी विंगेत आणून ठेवायची, तिथल्या हवेची सवय होऊ द्यायची. पुरुष गायकाची आणि बाईंची तानपुऱ्यांची जोडी वेगळी, म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी लावायची. लावलेल्या तानपुऱ्याला पंखा नको, आणि भिंतीला टेकवणं तर नकोच.

आता माझा पराक्रम ऐका. दुसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ गायिकेच्या शिष्यांनी अर्धा तास खपून दोन तानपुरे लावले. मैदानात धूळ उडत होती. मी आपला शहाणपणा केला आणि दोन्हींना गवसण्या घातल्या, नाड्यासुद्धा आवळल्या. बारीक सूर लावायचे मणी घोडीच्या खाली असतात, आणि जवारी खुलवणारा दोरा घोडीवर. गवसणी ओढताना दोन्ही सरकले. स्टेजवर पहिली तार छेडली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

पुन्हा लावायला सतरा मिनिटं गेली. मी विंगेत उभा राहून मोजली. आधीच कार्यक्रम मागे पडला होता. बाईंनी विलंबित आटोपतं घेतलं, द्रुत गायलं, आणि ज्या भैरवीसाठी लोक थांबले होते ती झालीच नाही. दहाला दोन मिनिटं असताना त्यांनी हात जोडले.

मी माफी मागायला गेलो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "अरे, झाकलंस ते काळजीनेच ना? मग आता उचलायचा कसा तेही शीक." आणि ग्रीनरूम रिकामी होईपर्यंत मला शिकवत बसल्या. एक हात भोपळ्याखाली, दुसरा दांडीला, तारा आपल्या अंगापासून लांब, खुंट्यांना धक्का नाही.

यंदा कुणी स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर खिशात एक छोटी टॉर्च, चिकटपट्टी आणि जाड पेन ठेवा. जेवून जा, कारण तिथे जेवण मिळेलच असं नाही. आणि गवसणी फक्त कार्यक्रम संपल्यावर.

पुढच्या भागात ध्वनिव्यवस्थेवाल्यांशी गप्पा. भेटूच.