ठेच्याची पुन्हा मिरची होत नाही!

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात वाढलेल्या पोराला मिरचीबद्दल फसवून दाखवा. ढिगात हात घातला की तो सांगणार, ही आजची तोडणी, ही कालची, या पोत्यात खाली ओली भरलीय. भोकरदन तालुक्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्याच पोराच्या मोबाइलमध्ये हजारभर गाणी असतात, फाइलच्या नावात ‘३२० केबीपीएस’, ‘एचडी’, ‘हाय क्वालिटी मिक्स’ असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि ते तो डोळे झाकून मान्य करतो. इथे मात्र पोतं उघडून बघत नाही.

तर आज पोतं उघडू या. खिशाला फार चाट बसणार नाही. लागणारं बहुतेक सॉफ्टवेअर फुकट आहे आणि घरात धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप या कामाला पुरून उरतो.

आधी थोडा हिशेब. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घेतलेली असतात. प्रत्येक माप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट होतात, म्हणजे १४११ केबीपीएस. ४४,१०० च का? माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादं कंपन नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून. पाच मिनिटांचं गाणं असं ठेवलं तर ५३ एमबीच्या आसपास जातं. तेच गाणं १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत पाच एमबीच्या आत बसतं. मग उरलेलं गेलं कुठे? फेकून दिलं. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला जाणवत नाही, याचा फायदा घेऊन एमपीथ्री असा माल काढून टाकते. कल्पना हुशारीची आहे, आणि ३२० वर ती इतकी बेमालूम जमते की भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. ९६ किंवा १२८ वर मात्र झांजा, टाळ, सतारीची तार हे सगळं पाण्यातून आल्यासारखं वाटायला लागतं. भजनाचं रेकॉर्डिंग असेल तर टाळ ऐका, लगेच कळेल.

याच्या उलट फ्लॅक. २००१ पासून वापरात असलेला हा खुला आणि फुकट फॉरमॅट. झिप फाइल उघडली की आतला कागद जसाच्या तसा निघतो ना, तसंच इथे आवाजाचं. जागा साधारण निम्मी-पाऊण लागते, पण एक बिटही हरवत नाही. पाच मिनिटांची गाणी धरली तर ६४ जीबीच्या कार्डावर दोनेक हजार आरामात बसतात.

आता मुख्य मुद्दा. १२८ ची फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकून ३२० केली, अगदी फ्लॅक केली, तरी फेकलेलं परत येत नाही. पाट्यावर वाटलेल्या ठेच्यातून अख्खी मिरची काढता येत नाही, तसंच. फाइल तेवढी फुगते. आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘एचडी’ गाण्यांत असला फुगवलेला माल भरपूर असतो.

ओळखायचं कसं? ‘स्पेक’ नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की आवाजाचं रंगीत चित्र समोर येतं. चित्र १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखं सरळ थांबलं असेल, तर फाइलचं नाव काहीही असो, मूळ माल बहुधा १२८ चाच. फक्त एक सांभाळा. बालगंधर्वांच्या काळातल्या जुन्या तबकड्यांवर वरच्या पट्टीतला आवाज मुळातच फारसा उतरलेला नसतो. १९२५ च्या आधी तर गायक भोंग्यासमोर उभं राहून गायचे, मायक्रोफोन नव्हताच. त्यामुळे तिथे चित्र खालीच संपलं म्हणून कुणाला चोर ठरवू नका.

फाइल चांगली मिळाली, पुढे काय? पैसे कशावर खर्च करायचे याचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. सगळ्यात जास्त फरक पडतो तो इअरफोन किंवा स्पीकरनं. मग खोलीनं. त्यानंतर कुठे डॅकचा नंबर लागतो. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. ती प्रत्येक फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये असतेच. लॅपटॉपला इअरफोन लावून माउस हलवला की बारीक ‘किर्रर्र’ ऐकू येतं का? येत असेल तर आतल्या सर्किटचा गोंगाट आवाजात मिसळतोय. त्यावर यूएसबीला लावायचा बोटाएवढा डाँगल बास होतो. किर्रर्र येत नसेल तर डॅकसाठी एक रुपयाही काढू नका. आणि हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ केबली? त्या दुकानदाराच्या पोराच्या शिक्षणासाठी असतात.

गावाकडे एक वेगळीच कटकट आहे, शहरातल्या यूट्यूबवाल्यांना ती ठाऊकच नसते. लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की ‘हूंऽऽ’ असा घरघराट. चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर दोष स्पीकरचा नाही, वायरिंगच्या अर्थिंगचा किंवा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात तयार झालेल्या अर्थच्या फेऱ्याचा आहे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा. गाणं नंतर. चार्जरची तिसरी पिन तोडून घरघर घालवायचा जुगाड कुणी सांगितला तर ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आवाज एकदम स्वच्छ येईल.

खोलीचं म्हणाल तर पत्र्याचं छत आणि सिमेंटच्या उघड्या भिंती म्हणजे आवाजाचा चेंडू. लाखाचे स्पीकर आणले तरी शब्द कळणार नाहीत. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका. कापूस वेचून घरात आणून टाकल्यावर त्या खोलीत बोललं की आवाज कसा बसल्यासारखा होतो, ते आठवतंय? स्टुडिओवाले महागडा फोम लावून तेच तर करतात. भाव वाढायची वाट बघत कापूस पडून असेल, तोवर ऐकून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये विंडोजवर ‘फूबार २०००’ घ्या. दिसायला अगदी सरकारी ऑफिससारखं, पण हलकं आणि फुकट. दोन जीबी रॅमवरही पळतं. आणि ते टाकण्याआधी विंडोजच्या किंवा फोनच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ‘बास बूस्ट’, ‘सराउंड’, ‘एन्हान्समेंट’ असली सगळी बटणं बंद करा. या एका कामाइतका फरक कुठल्याच प्लेअरनं पडत नाही. विंडोजही खिडकी बंद होणार नाही इतका हळू झाला असेल, तर ‘डॅफिल’ नावाची लिनक्सवर चालणारी फुकट प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू करता येते. लॅपटॉप कोपऱ्यात ठेवायचा आणि गाणी मोबाइलच्या ब्राउझरमधून लावायची. फक्त ब्लूटूथ स्पीकरला फ्लॅक पाठवताना लक्षात ठेवा, वाटेत ते पुन्हा दाबलं जातं. एलडॅक असेल तर ९९० केबीपीएसपर्यंत जातं, साध्या एसबीसीवर बरंच कमी. वायर जिंदाबाद.

आणि ते २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवालं ‘हाय-रेझ’? बॉस्टनमधल्या मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाय-रेझ आवाज आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला आवाज, कुठला कोणता ते न सांगता ओळखायचा. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. ही परीक्षा तुम्हीही द्या. फूबारमध्ये ‘एबीएक्स’ नावाची जोडणी टाका, एकाच गाण्याची फ्लॅक आणि त्यापासून बनवलेली ३२० ची एमपीथ्री घ्या, दहा वेळा ओळखा. नऊ-दहा बरोबर आले तर कान तयार. पाच-सहा आले तर तुक्का आहे, खुशाल ३२० वर ऐका आणि जागा वाचवा.

मग फ्लॅकचा एवढा आग्रह कशाला? कारण ऐकण्यासाठी ३२० चालेल, जपून ठेवण्यासाठी चालत नाही. तुमच्या घरी लोखंडी पेटीत कॅसेट असतील. प्रल्हाद शिंदेंची विकत घेतलेली असेल, ती दुसरीकडेही मिळेल. पण टेपरेकॉर्डरवर भरलेलं गावच्या सप्ताहातलं कीर्तन, चुलत्याच्या लग्नातली गाणी, आजीच्या ओव्या? त्याची दुसरी प्रत जगात नाही. कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी मरत असते.

हे काम किती मोठं होऊ शकतं, ते आपल्याच राज्यात दिसलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या संशोधकानं त्यांचा डेटाबेस उभा करायला हातभार लावला. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या ऐकता येतात. जातं बंद पडलं, गिरणी आली, पण आवाज राहिला.

तुमच्या कॅसेटसाठी एवढंच करा. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ‘लाइन इन’ असलेल्या यूएसबी साउंड कार्डात घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो. ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावा आणि आवाजाची पट्टी उणे सहाच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढायचा मोह होईल, तर ती प्रतीवर काढा. मूळ फाइल आहे तशी फ्लॅकमध्ये ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅकला इंटरनेटचं अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली आहे, त्यामुळे तुमच्या नातवंडांना ती उघडता येण्याची शक्यता बरीच आहे.

आजी अजून गातेय? मग तिच्यासमोर व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट धरू नका, ती फार दाबलेली असते. फोनच्या रेकॉर्डरमध्ये ‘वेव्ह’ निवडा, पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर उशीवर ठेवा. दोन प्रती करा, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि फाइलला ‘आजी १’, ‘आजी २’ अशी नावं देऊ नका. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि तारीख लिहा. ओव्यांची चाल बहुतेक वेळा माहेराहूनच आलेली असते.