अ‍ॅक्सिलरेटर अडकतो तेव्हा

वाहनचालकाचा उजवा पाय दोन पेडलांवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गती वाढते. पाय उचलताच स्प्रिंगच्या जोराने तो पूर्ववत वर येतो. तो वर आलाच नाही, तर केवढा अनर्थ ओढवतो, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून ध्यानात येते.

ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराजवळ टोयोटा कंपनीची एक लेक्सस मोटार अपघातात सापडून चार जण मृत्युमुखी पडले. त्या मोटारीत दुसऱ्या नमुन्याच्या वाहनाची रबरी मॅट घातलेली होती आणि तिच्या कडेत अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता. त्यानंतर कंपनीने सुमारे 38 लाख वाहनांच्या मालकांना चालकापुढील मॅट काढून टाकण्यास सांगितले. त्यांत टॅकोमा व टुंड्रा हे पिकअप ट्रकही होते. जानेवारी 2010 मध्ये टुंड्रासह सुमारे 23 लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आली. या खेपेस दोष खुद्द पेडलचा होता. आतील भाग झिजून घर्षण वाढल्याने ते सावकाश वर येई, क्वचित दाबलेलेच राही.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेविषयीही शंका घेतली गेली. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ‘नासा’च्या अभियंत्यांकडून तपासणी करविली. फेब्रुवारी 2011 च्या अहवालानुसार, अनियंत्रित वेग उत्पन्न करणारा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. मॅट व अडकणारे पेडल ही यांत्रिक कारणे मात्र खरी ठरली. कित्येक प्रसंगी चालकाने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटरच दाबला असावा, असेही दिसून आले. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

भाजीपाला अथवा दुधाचे कॅन वाहणाऱ्या आपल्याकडील पिकअपमध्येही चालकाच्या पायांशी बाटली, पाना वा फडके पडून राहू शकते. ही जागा नेहमी मोकळी ठेवावी. मॅट त्याच वाहनाची असावी, ती जागेवर घट्ट बसवावी आणि एकावर दुसरी घालू नये. इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडावा व तो तत्काळ वर येतो की नाही, हे पाहावे.

धावत्या वाहनाचा अ‍ॅक्सिलरेटर अडकल्यास ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा. तो वारंवार दाबून सोडल्यास, विशेषतः पेट्रोल इंजिनाच्या वाहनात, ब्रेकला मिळणारे साह्य कमी होते. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व वाहन कडेला थांबवून मगच इंजिन बंद करावे. वाहन धावत असताना किल्ली काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो.

2019 च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम 110-अ अन्वये केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश उत्पादकास देऊ शकते. त्यासाठी वाहनमालकांच्या तक्रारी विचारात घेतल्या जातात. तेव्हा पेडल अडकल्याचा अनुभव आल्यास केवळ तेल घालून वेळ मारून न नेता तक्रार अवश्य नोंदवावी. तीमुळे त्याच नमुन्याच्या अन्य वाहनांतील प्रवाशांचे प्राणही वाचू शकतील.