लाल लघवी म्हणजे रक्तच का?

नुकत्याच व्यालेल्या म्हशीची लघवी लाल झाली, की आपल्या संग्रामपूरकडे आधी दोष दिला जातो तो खारपाणपट्ट्याच्या पाण्याला, नाहीतर ‘उष्णते’ला. तपासणीच्या पट्टीवर रक्त दिसले, की घरचे लोक हादरतात. पण ही पट्टी रक्तपेशी आणि पेशी फुटून सुटलेले हिमोग्लोबिन, दोन्हींना रक्तच दाखवते. म्हणून मी नमुना काचेच्या नळीत काही वेळ स्थिर ठेवतो. लाली तळाशी बसली, तर मूत्रपिंडात किंवा मूत्राशयात रक्तस्राव असावा. न बसता सारखीच राहिली, तर बहुधा पेशी अंगातच फुटत आहेत.

मग ताप पाहावा. ताप 104 ते 106 अंश फॅरनहाइट आणि अंगावर गोचीड असल्यास बबेसिओसिसचा संशय घेऊन रक्त तपासावे. ताप नाही आणि व्यायला दोन-चार आठवडे झाले असल्यास स्फुरदाची कमतरता असू शकते. दोन्हींचे औषध वेगळे आहे. अंदाजाने इंजेक्शन देण्यात दोन दिवस गेले, तर म्हैस रक्तक्षयाने दगावू शकते. तेव्हा मधल्या धारेची लघवी स्वच्छ बाटलीत धरा आणि तासाभरात दवाखान्यात आणा. सोबत व्याल्याची तारीखही सांगा.