पिकतं तिथं विकत नाही. पण विकायचं काय, ते आधी ठरवा

'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपल्या आजा-पणजानं अनुभवातून केली. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या भाकरीचं कौतुक कोण करणार? घरोघरी चूल पेटते, घरोघरी भाकरी थापली जाते. पण हीच मालदांडीची भाकरी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याच माणसाला मिळत नाही आणि त्यासाठी तो चार पैसे जास्त मोजायला तयार असतो. पूर्वी या माणसापर्यंत पोचायची वाट व्यापाऱ्याच्या दुकानातून जात होती. आता मोबाईलवर फोटो टाकला, ऑर्डर आली, पैसे खात्यावर जमा झाले आणि माल पार्सलनं रवाना झाला, असं होऊ शकतं.

ऐकायला सोपं वाटतं. म्हणूनच गावोगाव फिरताना तरुण पोरं आणि बचत गटाच्या बाया विचारतात, "साहेब, ऑनलाइन धंदा करायचाय. काय विकू?" पूर्वी मी या प्रश्नाला पटकन उत्तर द्यायचो. आता देत नाही. का देत नाही, ते आधी सांगतो.

चूक माझी, हप्ते त्यांचे

काही वर्षांपूर्वी शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीची फार हवा होती. जो तो तिचे गुण सांगत होता. एका गावच्या बचत गटाला मीच ती सुचवली. गटानं बँकेचं कर्ज काढलं, वाळवणी यंत्र घेतलं, दळायचं यंत्र घेतलं. ६० किलो पावडर तयार झाली. वर्षभरात विकली गेली ती अवघी ११ किलो. बाकीच्या पावडरीचा हिरवा रंग उडाला, वास गेला आणि शेवटी ती उकिरड्यावर गेली.

गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "ही कशात घालायची?" गटाच्या अध्यक्ष बाई एक दिवस मला म्हणाल्या, "सायेब, आमच्या घरात ह्ये कुनी खात न्हाई. लोकांला काय सांगू, कशात घाला म्हनून?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बैठक संपल्यावर नेहमीप्रमाणं बाईंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. दोन वर्षं मी त्या घरी तीच चटणी खात होतो, वर डब्यात बांधून घरीही नेत होतो. विकायची वस्तू माझ्यासमोर ताटलीत होती आणि मी तिसऱ्याच गोष्टीकडं बोट दाखवलं होतं. यंत्राचे हप्ते मात्र मी नाही, त्या बाया फेडत होत्या.

तेव्हापासून काय विकायचं हे मी सांगत नाही. पाच प्रश्न विचारतो. ते तुम्हीही घरच्या माणसांना बसवून एकमेकांना विचारा.

पहिला प्रश्न : ही वस्तू आपल्या हातात मुरलेली आहे का?

ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघू शकत नाही, म्हणून ते प्रश्न फार विचारतं. ज्वारी कोणत्या जमिनीची, चटणी कुटलेली की यंत्रावर दळलेली, किती दिवस टिकेल, असे दहा प्रश्न येतात. आयुष्यभर ती वस्तू केलेल्या माणसाला ही उत्तरं तोंडपाठ असतात. फॅशन म्हणून धरलेल्या वस्तूची नसतात. शेजाऱ्यानं अमुक विकून पैसा केला म्हणून आपण तेच धरलं, तर त्याचं ज्ञान त्याच्याकडंच राहतं, आपल्या वाट्याला फक्त खर्च येतो.

दुसरा प्रश्न : वस्तू प्रवास सोसते का?

हुरडा गोड खरा, पण तो आगटीवरून सरळ ताटात यावा लागतो. दोन दिवस खोक्यात राहिला की त्याची गंमत गेली. डाळिंब, द्राक्षं विकता येतात, पण त्यांना थंडावा, जाड खोका आणि घाईची वाहतूक लागते. ज्वारीचं पीठ पाठवावं म्हटलं तर आयाबायांना विचारा, जुनं पीठ विरी जातं. भाकरी थापताना चिरते, चवीला कडवट लागते आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमची ज्वारीच खराब. पीठ विकायचंच असेल तर ऑर्डर आल्यावर दळा आणि दळल्याची तारीख पाकिटावर घाला.

याउलट कडक भाकरी मुळातच टिकण्यासाठी केलेली. पातळ थापून, भाजून, पाणी पार उडवलेली असल्यानं ती बंद पाकिटात आठवडेच्या आठवडे टिकते. तिचे दोष दोन. धक्का लागला की तुटते आणि पावसाळ्यात हवा लागली की मऊ पडते. त्या गटाच्या पहिल्या पार्सलात भाकरीचा निम्मा चुरा झाला होता. मग त्यांनी भाकरीच्या मापाचा गोल डबा शोधला, वर-खाली कागदाच्या घड्या घातल्या, तेव्हा कुठं जमलं.

तिसरा प्रश्न : पार्सलचा खर्च वजा जाता काय उरतं?

इथं पुष्कळ जण फसतात. खालचे आकडे समजुतीसाठी आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, ५ किलो ज्वारी पुण्याला पाठवायची आहे. ४५ रुपयांनी ज्वारीचे २२५, पिशवीचे १५ आणि पार्सलचे २०० रुपये, म्हणजे ४४० झाले. तीच ज्वारी तिथल्या दुकानात ३०० रुपयांत मिळत असेल तर तुमच्याकडून कोण घेईल? जड आणि स्वस्त माल एकेका घरी पाठवणं परवडत नाही. तो पाच-पन्नास घरांनी मिळून मागवला तरच टेम्पोनं पाठवा.

आता अर्धा किलो चटणी घ्या. शेंगदाणे, लसूण, मिरची, जिरे, मीठ आणि जळण ९० रुपये. भाजणं, पाखडणं, कुटणं याची मजुरी ४०. पाकीट, लेबल आणि खोका २०. पार्सल ७०. एकूण २२०. घरपोच २८० रुपयांना विकली तर ६० उरले. पण दहा पाकिटांत एक फुटलं आणि बदली पाठवावं लागलं, तर दहा पाकिटांचे ६०० उरायच्या ऐवजी ३८० उरतात, म्हणजे एका पाकिटामागं ३८ रुपये. याच ठिकाणी दोन पाकिटं एका खोक्यातून पाठवली आणि पार्सल ९० रुपयांत गेलं, तर त्या एका खोक्यामागं १७० रुपये उरतात. म्हणून एक-एक पाकीट विकू नका, जोडी विका. मजुरी घरची असली तरी हिशेबात धरा. घरच्या बाईच्या कष्टाला मोल नाही असं धरून काढलेला नफा हा नफा नव्हे.

कुरिअरवाले कधी वजनावर, तर कधी खोक्याच्या आकारावर आकार लावतात, हेही ध्यानात ठेवा. कडक भाकरी हलकी, पण खोका मोठा. डाकघर आणि कुरिअर, दोन्हीकडं भरलेला खोका नेऊन दर विचारा.

चौथा प्रश्न : गिऱ्हाईक परत येईल का?

पहिली ऑर्डर फोटो बघून येते, दुसरी चव बघून. चटणी महिन्याभरात संपते, म्हणून परत मागणी येते. मात्र शेंगदाणा खवट निघाला तर ते घर कायमचं तुटलं. शेंगा चांगल्या वाळवा, काळे, सुरकुतलेले आणि बुरशीचे दाणे हातानं निवडून टाका. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही. हा केवळ चवीचा नाही, खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

पाचवा प्रश्न : यात तुमचा जीव रमतो का?

पैशाच्या हिशेबात हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण धंदे बुडतात ते बहुधा इथंच. जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारीची काढणी अंगावर असताना रात्री दहाला ऑर्डर येते. कुणीतरी तक्रार करतं, कुणी पैसे बुडवतं. अशा वेळी ज्याला त्या कामाची आवड आहे तोच टिकतो. त्या अध्यक्ष बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पावडर करताना घड्याळाकडं बघायची. चटनी कुटताना दिवस कधी गेला कळत न्हाई." कुणाला कुटण्यात गोडी असते, कुणाला बियाणं राखण्यात, कुणाला गिऱ्हाइकाशी बोलण्यात. ज्याचं त्याला काम द्या. नुसत्या पैशासाठी धरलेलं काम पैसा कमी झाला की सुटतं.

एकच धरा

पाचही प्रश्नांना 'होय' आलं, तर एकच वस्तू धरा, फार तर तिच्या जोडीची दुसरी. चटणी, लोणचं, पापड, मसाला, मध, तूप असं सगळं एकाच वेळी मांडलं की एक ना धड भाराभर चिंध्या. पहिले तीन महिने यंत्र घेऊ नका. १० किलो करा, ओळखीपाळखीच्या बाहेरच्या लोकांना विका आणि वहीत चार रकाने आखा : ऑर्डर, खर्च, तक्रार, परत मागणी. चौथा रकाना भरू लागला तरच पुढं जा.

कागदपत्रांचंही पाहा. शेतातला माल जसाच्या तसा विकणं वेगळं. कुटून, दळून, भाजून पाकिटात भरला की अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा. शिवाय नाव-पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. शेंगदाणा काहींना बाधतो, म्हणून तो ठळक लिहा. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकायचं तर जीएसटीचा नियम करसल्लागाराला विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला, आवश्यक तो नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरतं जीएसटी नोंदणीशिवाय विकता येतं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपण जिल्ह्यातले म्हणून ते नाव पाकिटावर छापता येत नाही. आपलं गाव त्या क्षेत्रात हवं आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. आणि एक सांगतो, पैसे घेताना मोबाईलवर पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तो गिऱ्हाईक नाही, चोर आहे.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनो, बचत गट यंत्राचा प्रस्ताव घेऊन आला की आधी ती चार रकान्यांची वही मागा. २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरलं होतं. अशा योजनांत सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात जरूर विचारा. पण अनुदान आहे म्हणून यंत्र, असा उलटा विचार नको. अनुदान एकदा येतं, हप्ता दर महिन्याला येतो. गटाला खरी गरज असते ती तपासलेल्या पाण्याची, बंद खोलीची, वेळेवर विजेची आणि आठवड्यातून दोनदा पार्सल तालुक्याला नेणाऱ्या माणसाची. एवढं गावानं दिलं तरी पुष्कळ.

त्या गटाचं कर्ज अजून पुरतं फिटलेलं नाही, पण आता हप्ता चटणीच्या पैशातून जातो. वाळवणी यंत्रात त्या मिरची वाळवतात. मी गेलो की आजही ताटली पुढं येते. फक्त आता बाई हसून म्हणतात, "सायेब, ह्याचं पैसं लागत्यात बरं का!" मी ते आनंदानं देतो. तुमच्या घरची ताटली कोणती, ते आज रात्री जेवताना बघा.