फुलपाखरे मोजायची ती जमिनीसाठी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फुलपाखरांची पाहणी करायची, तर उद्यानांच्या आधी पडीक भूखंडांवर गेले पाहिजे. भोसरी-तळवड्याच्या रिकाम्या प्लॉटवर, नाल्यांच्या काठाने, भामचंद्र डोंगराच्या पायथ्याला पावसाळ्यात टाकळा आणि आंबुशी माजते, रुई-बोरीची झुडपे फुटतात. आपण त्याला तण म्हणतो, पण फुलपाखरांचे ते बाळंतघर आहे. मध ती बहुतेक कुठल्याही फुलातला घेतात, अंडी घालताना मात्र कमालीची चोखंदळ असतात. टाकळा नि बहाव्यावर एमिग्रंट, बोरीवर कॉमन पिएरो, आंबुशीवर पेल ग्रास ब्लू. आंब्यावरचे बांडगूळ माळी काढून टाकतो, त्यावर कॉमन जेझबेलच्या अळ्या पोसल्या जातात. रुईच्या पानावर प्लेन टायगरची मादी एकेक अंडे सुटे चिकटवते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची तिची अळी पान कुरतडून आधी गोल चर पाडते, चीक ओसरू देते आणि मगच आतला भाग खाते. म्हणूनच घाणेरीच्या फुलांवर दहा जाती बसलेल्या दिसल्या, तरी त्या तिथे नांदतात असे म्हणता येत नाही. पाहणीत अळ्यांची आणि त्यांच्या खाद्य वनस्पतींची नोंद नसेल, तर ती पाहुण्यांची यादी ठरते.

याद्यांचा वारसा आपल्याकडे जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कर्नल स्विन्हो यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर १८८५ मध्येच निबंध लिहिला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात तो पहिलाच. पण कोणती जात आहे एवढे कळून भागत नाही. ती वाढते आहे की घटते आहे, हे कळण्यासाठी तीच वाट, तोच वेग आणि तीच रुंदी ठेवून वर्षानुवर्षे मोजावे लागते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून हे चालू आहे. ठरलेल्या वाटेने चालायचे, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटरपर्यंत दिसेल तेवढेच लिहायचे. नेमक्याच झाडांवर जगणाऱ्या जाती तिथे कशा ओसरत गेल्या, ते या चिकाटीमुळेच आकड्यांत दिसले. आपल्या पट्ट्याला त्याची गरज जास्त आहे, कारण लोणावळ्याचा धो-धो पाऊस आणि पूर्वेकडचे कोरडे माळ यांच्या सांध्यावर तो वसलेला आहे. दोन्हीकडच्या जाती इथे येऊ शकतात, आणि झपाट्याने बदलणाऱ्या जमिनीवरून तितक्याच झपाट्याने जाऊही शकतात.

पवना आणि इंद्रायणी नद्यांवर फेस तरंगत असताना फुलपाखरे कसली मोजता, असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि त्यातली तळमळ खरी आहे. पण पाण्याची तपासणी पाण्याविषयी सांगते, हवेची यंत्रे हवेविषयी. जमिनीवरचे जगणे कुठल्याच यंत्रात उमटत नाही. उपग्रहाच्या चित्रात लॉनही हिरवे आणि रुईचे रानही हिरवेच. महिना-दीड महिन्यात पिढी बदलणारे फुलपाखरू तो फरक लगेच दाखवते. हौशी लोक चुका करतील, हा दुसरा आक्षेप. करतीलच. डॅनाइड एगफ्लायची मादी प्लेन टायगरसारखीच दिसते, जाणकारही फसतात. त्यासाठी फोटो जोडावा, शंका असेल तिथे जात न लिहिता गटाचे नाव लिहावे. पद्धत कायम राहिली, तर किरकोळ चुकांमुळे वर्षांमधली तुलना सहसा बिघडत नाही.

जमिनीला सोन्याचा भाव असताना ती फुलपाखरांसाठी कोण सोडणार, हा आक्षेप सर्वांत जड. पण यासाठी एकही कारखाना अडवावा लागत नाही. मोठ्या उद्योगांना हरितपट्टा ठेवावाच लागतो, महापालिकेकडेही उद्याने आहेत. प्रश्न फक्त तिथे काय वाढू द्यायचे आणि कापणी केव्हा करायची, एवढाच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर जैवविविधता समिती नेमण्याची आणि लोकांच्या मदतीने नोंदवही करण्याची जबाबदारी टाकली आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्याऐवजी दरवर्षीच्या मोजणीचे आकडे तिच्यात चढवावेत. कुठल्या कुंपणाकडेला अळ्या आहेत ते त्यावरून ठरेल, आणि तेवढ्या पट्ट्यात गवतकापणीचे यंत्र ऑक्टोबर सरल्यावर, एका वर्षी अर्ध्याच भागात फिरवता येईल.