घाम गाळला म्हणजे खेळ झाला?

२००९ साली केंद्राच्या क्रीडा मंत्रालयापुढे एक वेगळंच प्रकरण आलं. भारतात फॉर्म्युला वनची शर्यत भरवू पाहणाऱ्या कंपनीला शर्यतीच्या परदेशी हक्कधारकांना पैसे पाठवायचे होते आणि त्यासाठी मंत्रालयाची परवानगी हवी होती. मंत्रालयाने ती नाकारली. कारण दिलं ते असं की हा धंदा आहे, करमणूक आहे. याला खेळ म्हणता येत नाही. पुढे ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडात शर्यत झालीच. २०१९मध्ये तर सरकारने रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार दिला. मोटर शर्यतींच्या क्षेत्रातला हा पहिलाच अर्जुन. दिल्लीचं मत असं दहा वर्षांत पालटलं, पण घरोघरी वाद तोच आहे: पळते ती गाडी, हा तर नुसता बसलेला. मग खेळाडू कसला?

फुटबॉलपटूला कोणी असं विचारत नाही. नव्वद मिनिटांत दहा ते तेरा किलोमीटर धाव, मध्येच जीव खाऊन मारलेल्या दौडी, सरासरी नाडी कमाल वेगाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर. ते सगळं डोळ्यांना दिसतं.

शर्यतवाल्यांचे वकील मग आपला हुकमी पत्ता काढतात: शर्यतीत चालकाची नाडी दीडशे-एकशे सत्तरवर असते, आणि सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी दोन-तीन किलो वजन घामावाटे जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मला हा पत्ता कच्चा वाटतो, आणि त्याचं कारण सुरतेत सापडतं. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड ताणून तापवणाऱ्या स्टेंटर यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा कामगार बघा. या कामगारांत आपले जळगाव-धुळ्याकडचे खानदेशी कितीतरी. पॉलिएस्टरचा ताका १८० ते २०० अंशांवर तापून बाहेर येतो, मे महिना असतो, खाडीकडून दमट वारा असतो. त्याचीही नाडी चढते, त्याचाही सदरा पिळून निघतो. त्याला आपण खेळाडू म्हणत नाही (पगारही त्या मानाने देत नाही, पण तो विषय वेगळा).

उष्म्यात नाडी का चढते? अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामामुळे रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. त्यात भीती आणि एकाग्रतेचं अ‍ॅड्रेनलिन. शिवाय स्नायू आवळून धरले की ते स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. रक्तदाब आणि नाडी वर जाते, पण स्नायूंनी काम फारसं केलेलं नसतं. तेव्हा नुसती नाडी साक्षीला उभी करून चालत नाही. शरीराने प्राणवायू किती जाळला ते मोजावं लागतं. मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी चालत्या रेसिंग गाडीत चालकांचा श्वास मोजला आणि २००२ साली निष्कर्ष छापले: वळणावळणाच्या ट्रॅकवर प्राणवायूचा खप स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कित्येक पट होता. म्हणजे खुर्चीत बसूनही काम होत होतं. तरीही फुफ्फुसांच्या हिशेबात फुटबॉलपटू पुढेच राहील, आणि ते मान्य करायला हरकत नाही.

कारण चालकाची खरी कसोटी फुफ्फुसांत नाही, मानेत आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो. वेगवान वळणावर फॉर्म्युला वन गाडी गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराने बाजूला खेचते, म्हणजे त्या क्षणी मान तीस किलोंहून जास्त ओझं आडवं पेलत असते. ब्रेक मारताना तेच ओझं पुढे जातं, आणि ब्रेकच्या पेडलवर डाव्या पायाने शंभर किलोंवर जोर द्यावा लागतो. तोही मोजून, कारण थोडा जास्त पडला की चाक लॉक होतं. कठीण वळणात अनेक चालक श्वास रोखून धरतात आणि सरळ रस्त्यावर तो सोडतात. सुझुकाला ५३ फेऱ्या आहेत, एका फेरीत १८ वळणं. गुणाकार करून पाहा. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, त्यामुळे मानेची एक बाजू जास्त कमावलेली असते. ब्राझीलच्या इंटरलागोसला दिशा उलटी, आणि तिथे दुसरी बाजू बोंब मारते.

मानेचं महत्त्व कोल्हापूरकरांना सांगायला नको. तालमीतला पैलवान मान घोटूनच तयार होतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले आणि शाहू स्टेडियम भरवलं. १७ वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. आणि शर्यतीतही गाव मागे नाही. कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले, ध्रुव मोहिते राष्ट्रीय स्पर्धांत धावले, मोहित्यांचा स्वतःचा कार्टिंग ट्रॅक आहे.

कार्टिंगचा पोरगा जवळून बघितला की ‘नुसता बसलेला’ हा शब्द मागे घ्यावा लागतो. रेसिंग कार्ट म्हणजे छोटी उघडी गाडी; तिला सस्पेन्शन नसतं, सीटबेल्ट नसतो, पॉवर स्टिअरिंग नसतं. कडक फायबरच्या सीटची कड वळणावळणाला बरगड्यांवर आदळते, म्हणून सूटच्या आत बरगड्यांचं कवच घालावं लागतं. तरी बरगडी दुखावलेली मुलं आढळतातच. खडबडीत ट्रॅकवर काही फेऱ्यांत हाताला फोड येतात, कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो. पॉवर स्टिअरिंगची चैन फॉर्म्युला वनमध्ये आहे. तिच्या खालच्या फॉर्म्युला टूमध्ये नाही.

मेंदूचीही तालीम होते. इटलीतल्या संशोधकांनी व्यावसायिक रेसिंग चालक आणि साधे वाहनचालक यांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रतिक्रियेच्या चाचण्या दिल्या. २०१३ साली त्यांनी लिहिलं की काम तितकंच नीट करताना चालकांच्या मेंदूचा कमी भाग कामाला लागत होता. २०२३च्या कतार शर्यतीत मेंदूची ही शिल्लक किती लागते ते दिसलं. त्या उष्म्यात एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, आणि इतर बहुतेक जण त्याच वेगात, इंचाइंचाच्या हिशेबाने गाडी हाकत राहिले. शेवटी चालकांना थंड ठेवणारी यंत्रणा नियमांत आणावी लागली.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: चालक खेळाडूच. माझी शंका निराळी आहे. फुटबॉलपटू कोट्यवधी पोरांतून गाळून वर येतो, कारण चेंडू एक आणि पोरं बावीस. कार्टिंगचा एक हंगाम लाखांत जातो, तेव्हा इथली गाळणी काही थोड्या घरांपुरतीच लागते. जगातल्या वीस-बावीस फॉर्म्युला वन चालकांच्या माना लोखंडी आहेत, पण त्या सर्वांत चांगल्या माना आहेत की नाहीत, हे कळायला शाहू स्टेडियमच्या पोरांना कोणीतरी कार्टमध्ये बसवायला हवं.