पोच घेतली का?

दिवाळी अंकात राज्यघटनेवर लेख आला की तो केशवानंद भारतीपासून (1973) निघतो आणि मनेका गांधीवर (1978) विसावतो. ती प्रकरणं वाचकांना पाठ आहेत, मी तिथे रेंगाळत नाही. मूलभूत हक्क दिल्लीत घडतात, असं आमच्या व्यवसायातली काही विद्वान मंडळी व्याख्यानांतून सांगत आली. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे. ठाणे कोर्टात चाळीस वर्षं काढल्यावर मी एवढं जाणतो की हक्काची सुरुवात साध्या अर्जाने होते. टायपिस्टसमोर उभं राहून तीन कार्बन घालून काढलेला अर्ज. माझे सीनियर प्रत्येक पक्षकाराला आधी एकच विचारायचे, "पोच घेतली का?"

पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ रद्द केलं. निकालाचे पेढे वाटून झाले, पण पोलिस ठाण्यांतून त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 मध्ये न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचं सांगितलं, 2022 मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. आवाज. त्याला हक्क म्हणायला लोक आजही कचरतात. एका गणेशोत्सवात माझी आई रुग्णालयात होती. खिडकीखालीच मंडप. ढोल थांबला की स्पीकरच्या भिंती वाजायच्या, आणि स्टँडवरच्या सलाइनच्या बाटलीतलं पाणी थरथरताना मी रात्रभर पाहिलं. रुग्णालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, तिथे रात्री 40 डेसिबलची मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, हे 2000 सालच्या नियमांतलं सगळं मला तोंडपाठ होतं. चौकीवर गेलो. अर्ज घेतला, पोच दिली नाही. माझं नाव मात्र मंडळापर्यंत पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी दारात दहा पोरं उभी होती.

म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांची जनहित याचिका मला आपल्या घरातली वाटते. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला: ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि शांतपणे जगणं अनुच्छेद 21 मध्येच येतं. ओकसाहेबांची वकिली 1983 मध्ये सुरू झाली ती वडिलांच्या चेंबरमधून, आमच्याच ठाणे कोर्टात. कोर्टाच्या पायरीवर कागद हातात धरून ताटकळणारा माणूस त्यांनी रोज पाहिलेला. मला त्या निकालात तो दिसतो.

पुढच्याच वर्षी केंद्राने नियम बदलले. राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्रच उरलं नाही. राज्याने तर ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला, प्रकरण त्यांच्याकडून काढलं गेलं. वकील संघटना उभ्या राहिल्या तेव्हा ते ओक यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे परत आलं. ते दिवस आठवले की आजही ऊर भरून येतो. उच्च न्यायालयाने नव्या नियमाला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती उठवली. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की तक्रारदाराचं नाव उघड करायचं नाही. माझ्या दारातल्या त्या दहा पोरांना मिळालेलं हे उत्तर आहे.

खड्ड्यांचंही तसंच. चांगला रस्ता हा हक्क असल्याचं उच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलं. 2018 च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी माणसं नेली. ऑक्टोबर 2025 मध्ये मृतांच्या वारसांना 6 लाख भरपाईचा आदेश झाला. पण मागायला कोण जाणार? हल्ली तरुण वकीलसुद्धा खड्ड्याचा फोटो ग्रुपवर टाकतात, खाली अंगठे उमटतात आणि सगळे झोपी जातात. अर्ज लिहिणारी ठाण्या-डोंबिवलीची ती पिढी संपत चालली, याचं दुःख मला कुठल्याही उलट्या निकालापेक्षा मोठं वाटतं.

गेल्या गणपतीत डोंबिवलीत आमच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या वहिनी रात्री दारात आल्या. आतल्या खोलीत भाऊंना ऑक्सिजन लावलेला, बाहेर डीजे. मी पाच ओळी सांगितल्या, त्यांनी वहीच्या पानावर उतरवल्या, नातवाने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मी बरोबर येतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. तासाभराने परत आल्या आणि पान माझ्यापुढे धरलं. डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का, खाली सही, वेळ 11.20.

"घेतली," म्हणाल्या.